विमानातला पहिला वर्ग कुठे चालला?

पेठच्या एसटी स्टँडवर नाशिकच्या गाडीची वाट बघत उभं राहावं आणि सहज मान वर करावी. पावसाळा सरलेला असला, आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं असलं, की कधी कधी एक पांढरी रेघ सरकताना दिसते. फळ्यावर खडूने ओढावी तशी. रेघेच्या टोकाला चांदीचा चिमुकला ठिपका. "विमान, विमान!" कुणीतरी ओरडतं आणि सगळ्यांच्या माना वर जातात. गाडी आली तरी दोन-चार जण तसेच वर बघत राहतात.

खालून बघताना तो एकच ठिपका असतो. पण दोस्तांनो, दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून चाललेल्या त्या ठिपक्याच्या पोटात एक अख्खं गाव बसलेलं असतं. आणि गाव म्हटलं की आळ्या आल्या! पुढची आळी वेगळी, मागची वेगळी. मध्ये नुसता एक पडदा.

मध्यंतरी पेठ भागातल्या एका शाळेत पाचवीच्या मुलांशी विमानांविषयी गप्पा मारत होतो. पडद्याची गोष्ट सांगितली. पुढे फर्स्ट क्लास, त्याच्या मागे बिझनेस क्लास, शेवटी इकॉनॉमी, म्हणजे आपल्यासारख्यांचा वर्ग. सगळं ऐकून घेतल्यावर दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, पुढे बसणारी माणसं आधी पोचतात का?"

वर्ग खो खो हसला. मला मात्र हसू आलं नाही. कारण प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शेवटी सांगतो. आधी या पुढच्या आळीची हकिगत ऐका, कारण ती आळी आता ओस पडत चालली आहे.

'फर्स्ट क्लास' हा शब्द आपल्या भाषेत किती मुरलाय बघा. परीक्षेत साठ टक्के पडले की फर्स्ट क्लास. आजीनं केलेली मासवडी फर्स्ट क्लास. "काय, कसं काय?" "एकदम फर्स्ट क्लास!" शब्द आला कुठून? आगगाडीतून. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली आणि रेल्वेबरोबर पहिला, दुसरा, तिसरा असे वर्गही आपल्याकडे आले. आगगाडीतून तो शब्द विमानात चढला.

पण विमानात तो लगेच चढला नाही बरं का. इथे एक गंमत सांगतो. १ जून १९४८ ला आपल्या एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला निघाली. (आता त्या शहराचं नाव अहिल्यानगर.) आणि बरोबर एका आठवड्यानं, ८ जून १९४८ ला, मुंबईहून एअर इंडियाचं पहिलं विमान लंडनला निघालं. विमानाचं नाव 'मलबार प्रिन्सेस'. आत ३५ प्रवासी. वाटेत कैरो आणि जिनिव्हा इथे थांबे. एकाच महिन्यात एक गाडी नगरला, दुसरी लंडनला! एसटीत ज्याच्याकडे तिकिटापुरते पैसे तो बसत होता. विमानात बसणारा राजा-महाराजा, नाहीतर मोठा कारखानदार, नाहीतर बडा अधिकारी. त्या काळात विमानात वेगळा पहिला वर्ग करायची फारशी गरजच नव्हती. विमानात पाय ठेवणं हाच पहिला वर्ग!

मग १९५२ साली अटलांटिक महासागरावरून जाणाऱ्या विमानांत 'टूरिस्ट क्लास' नावाचा स्वस्त वर्ग सुरू झाला. खुर्च्या जवळजवळ, खाणंपिणं साधं, तिकीट कमी. १९५८ मध्ये त्याहूनही स्वस्त 'इकॉनॉमी' आला. मागे स्वस्त वर्ग आल्यावर पुढचे जे उरले ते झाले 'फर्स्ट'. म्हणजे पहिला वर्ग जन्मला तो दुसऱ्या वर्गामुळे. मोठा भाऊ 'मोठा' कधी होतो? धाकटा जन्मल्यावर!

एअर इंडियानं तर या थाटाला चेहराच दिला होता. १९४६ साली बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांनी तो प्रसिद्ध 'महाराजा' तयार केला. भलीमोठी मिशी, पट्ट्यापट्ट्यांचा फेटा, कमरेत वाकून नमस्कार. १९७१ साली एअर इंडियाकडे पहिलं जंबो जेट आलं, बोईंग ७४७, नाव 'सम्राट अशोक'. खिडक्यांभोवती बाहेरून राजवाड्याच्या झरोक्यांसारखी महिरप रंगवलेली. आत गोल जिना चढून गेलं की वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी दिवाणखाना. खुर्च्या दाटीनं मांडलेल्या नव्हेत, गप्पा मारत बसायला कोच! तुमच्या आजोबांना विचारा. त्यांनी जंबोत पाऊल ठेवलं नसेल, पण महाराजाचं चित्र त्यांना नक्की आठवेल.

हा दिवाणखाना फार वर्षं टिकला नाही. १९७३ मध्ये तेल एकाएकी महागलं. विमान कंपन्या हिशेबाला बसल्या, आणि जगभरच्या जंबोंमधले दिवाणखाने जाऊन तिथे विकाऊ खुर्च्या आल्या. तेव्हापासून आजपर्यंत ही गोष्ट एकाच गणिताभोवती फिरते. ते गणित म्हणजे जमिनीचं. शेताचा बांध सरकवता येतो म्हणून भाऊबंदकी होते ना? विमानाचा बांध सरकवताच येत नाही. जेवढी फरशी तेवढीच. एकाला जास्त दिली की दुसऱ्याची कमी झालीच.

हे गणित आम्ही त्या शाळेत खडूनं फरशीवर मांडलं. तुम्हीही घरी करून बघा. लागेल फक्त खडू आणि फूटपट्टी.

आधी इकॉनॉमीची खुर्ची. पुढच्या खुर्चीपासून मागच्या खुर्चीपर्यंत साधारण ३२ इंच, रुंदी साधारण १८ इंच. काढा चौकोन. ३२ गुणिले १८ म्हणजे ५७६ चौरस इंच. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच. भागा! बरोबर चार चौरस फूट. त्या चौकोनात पाचवीचा एक मुलगा मांडी घालून बसला. गुडघे बाहेर आले. याच जागेत मुंबईहून लंडनपर्यंत नऊ-दहा तास बसायचं असतं, हे सांगितल्यावर तो लगेच उठला!

आता दुसरा चौकोन. सिंगापूर एअरलाइन्सकडे ए-३८० नावाचं दुमजली विमान आहे. २००७ मध्ये त्यांनी ते उडवायला सुरुवात केली तेव्हा त्यात दार लावता येणाऱ्या बारा खोल्या होत्या. त्यांना 'सूट' म्हणतात. २०१७ मध्ये त्यांनी नवी रचना केली आणि बाराच्या सहाच खोल्या केल्या. पण प्रत्येक खोली केवढी? सुमारे ५० चौरस फूट. खुर्ची वेगळी, पलंग वेगळा. आम्ही दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद चौकोन आखला. त्यात साध्या बारा खुर्च्या बसल्या, आणि थोडी जागा उरलीच.

तिसरा चौकोन काढायला बाकं बाजूला सरकवावी लागली. अबूधाबीच्या एतिहाद कंपनीनं २०१४ च्या डिसेंबरात आपल्या ए-३८० मध्ये चक्क घरच बांधलं. बसायची खोली, निजायची खोली आणि अंघोळीची खोली. सगळं मिळून १२५ चौरस फूट, एका किंवा दोन माणसांसाठी. पुढे २०१६ मध्ये हे विमान मुंबईलाही येऊ लागलं. सरकारी घरकुल योजनेतलं घर निदान २५ चौरस मीटरचं असावं असा नियम आहे. म्हणजे साधारण २७० चौरस फूट. त्यात अख्खं कुटुंब राहतं, स्वयंपाकही तिथेच. मुलांना घरकुल चांगलंच माहीत होतं. एकानं पटकन हिशेब केला, "म्हणजे आमच्या घराच्या निम्म्याला थोडं कमी. आणि ते उडतं!"

मग तुम्ही म्हणाल, हे तर वाढतच चाललंय, ओस कुठे पडतंय? इथेच खरी गंमत आहे. खोल्या मोठ्या होत गेल्या, पण विमानं कमी होत गेली. ज्यांत अशी चैन मावते ती दुमजली विमानं आता बनतच नाहीत. ए-३८० फक्त २५१ बनली. शेवटचं डिसेंबर २०२१ मध्ये गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेलं. आपल्या एअर इंडियाचं उरलेल्या जंबोंपैकी एक २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून कायमचं निघालं, तेव्हा वैमानिकानं वर चढता चढता पंख हलवून निरोप घेतला. हे दृश्य पाहून विमानवेड्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. खोटं कशाला सांगू, चित्रफीत बघून माझ्याही आलं.

जंबोंची जागा घेतली दोन इंजिनांच्या, कमी तेल पिणाऱ्या विमानांनी. त्यांची फरशी लहान. एअर इंडियाच्या मोठ्या बोईंग ७७७ मध्ये फर्स्ट क्लासच्या खुर्च्या किती होत्या? ३४२ पैकी फक्त चार! २०१२ पासून आलेल्या ७८७ मध्ये तर फर्स्ट क्लास ठेवलाच नाही. १८ जागा बिझनेसच्या, बाकी सगळं इकॉनॉमी. आणि टाटांकडे कंपनी परत गेल्यावर २०२४ च्या सुरुवातीला सेवेत आलेलं ए-३५० बघा. २८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी, २६४ इकॉनॉमी. फर्स्ट क्लास शून्य. ज्या महाराजानं फर्स्ट क्लासचं स्वागत केलं, त्याच्याच घरात त्याचा पाट मांडलेला नाही. मुंबईच्या जेट एअरवेजनं २००७ मध्ये आपल्या ७७७ मध्ये दारं असलेल्या आठ खोल्या दिमाखात बसवल्या होत्या. एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनीच बंद पडली. जुलै २०२५ मध्ये इंडिगोनं मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला थेट विमानं सुरू केली, त्यांतही फर्स्ट क्लास नव्हता. आणि ही काही आपल्याच देशाची गोष्ट नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं २०२२ मध्ये आपल्या लांबच्या विमानांतून फर्स्ट क्लास काढायचं ठरवलं. कारण अगदी दुकानदारी थाटात सांगितलं. गिऱ्हाईक तो विकत घेत नाही!

का घेत नाही? श्रीमंत माणसं कमी झाली का? छे! श्रीमंत तर वाढलेच. मग?

पहिलं कारण झोपेचं. लांबच्या प्रवासात माणसाला हवं असतं काय? आडवं व्हायला. १९९० च्या दशकात फर्स्ट क्लासमध्ये खुर्चीचा सपाट पलंग होऊ लागला. बिझनेसवाले मात्र आरामखुर्चीत कलंडून पडायचे. मग २००० साली ब्रिटिश एअरवेजनं बिझनेस क्लासमध्येच पूर्ण सपाट होणारा पलंग आणला. झालं! एका कंपनीनं दिला की दुसरीला द्यावाच लागतो, नाहीतर गिऱ्हाईक पळतं. २०१७ मध्ये कतार एअरवेजनं बिझनेस क्लासलाच सरकतं दार लावलं. आता बघा, मागच्याला पलंगही मिळाला, दारही मिळालं. मग पुढच्यानं जास्तीचे पैसे द्यायचे ते कशाचे?

दुसरं कारण, तिकीट कोणाच्या खिशातून जातं. पहिल्या वर्गात बसणारे बरेच जण स्वतःचे पैसे देतच नसत. कंपनी द्यायची, नाहीतर सरकार. २००८ मध्ये जगात मंदी आली आणि कंपन्यांनी साहेबांना सांगितलं, आता बिझनेसनं जा. आपल्या केंद्र सरकारनंही ऑक्टोबर २०१४ मध्ये काटकसरीचा हुकूम काढला, अधिकाऱ्यांनी परदेशी जाताना फर्स्ट क्लासनं जायचं नाही. आणि ज्यांच्याकडे खरोखर अमाप पैसा आहे ते पडदा-दाराच्या भानगडीत पडतच नाहीत. ते आपलं विमानच घेऊन जातात!

मग रिकाम्या खुर्च्यांचं काय? पेठच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी उरलेल्या मेथीच्या जुड्या बघा. सकाळी भाव करू देत नाहीत, संध्याकाळी मागाल त्या भावात देतात, कारण उद्या ती मेथी विकणार नाही. विमानाची खुर्चीही तशीच नाशवंत. विमान उडालं की रिकामी खुर्ची वाया. म्हणून कंपन्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला, कधी स्वतःच्याच माणसाला, फुकट नाहीतर थोडक्यात पुढे नेऊन बसवतात. एकदा हे लोकांना कळलं की पूर्ण भाव देणारा म्हणतो, मी का देऊ?

हे सगळं वाचताना मला आपली डेक्कन क्वीन आठवते. तुम्हाला ती माहीत आहेच. मुंबई-पुण्याची राणी. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा तिला दोनच वर्ग होते, पहिला आणि दुसरा. तिसरा नव्हताच. गरिबानं त्या गाडीकडे फलाटावरून बघायचं. देश स्वतंत्र झाला. १ जानेवारी १९४९ ला तिचा पहिला वर्ग बंद केला. वा, समता आली! थांबा, पुढे ऐका. बंद केला आणि दुसऱ्या वर्गालाच 'पहिला' म्हणायला सुरुवात केली. डबे थोडे सुधारले, नाव बदललं. तिसरा वर्ग तिला १९५५ मध्ये पहिल्यांदा मिळाला, म्हणजे सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांनी. आणि एप्रिल १९७४ मध्ये सगळ्या देशातला तिसरा वर्ग रद्द झाला. लोकांना आनंद झाला. डेक्कन क्वीनच्या त्या डब्यांवर 'तिसरा' पुसून 'दुसरा' लिहिलं.

म्हणजे गंमत बघा. पहिला रद्द झाला तेव्हा दुसरा पहिला झाला, तिसरा रद्द झाला तेव्हा तिसराच दुसरा झाला. पाट्यांची अदलाबदल! आता त्याच गाडीला ऑगस्ट २०२१ पासून छतापर्यंत काचा असलेला व्हिस्टाडोम डबा जोडलाय. त्याला कुणी 'पहिला वर्ग' म्हणत नाही. पण तिकीट बघा म्हणजे कळेल.

मला वाटतं, विमानात हेच चाललंय. फर्स्ट क्लास मरत नाहीये, त्याची पाटी बिझनेसवर गेलीये. आणि बिझनेसच्या जुन्या जागी कोण आलं? प्रीमियम इकॉनॉमी! १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेला हा वर्ग. रुंद खुर्ची, थोडे जास्त पाय पसरता येतात, तिकीट मधलं. आपल्या एसटीच्या निमआराम गाडीसारखा. तिला तुमचे आईबाबा अजून 'एशियाड' म्हणत असतील, १९८२ च्या दिल्लीच्या खेळांवरून पडलेलं नाव. लाल गाडी आणि आरामगाडी यांच्यामधली.

तरीही खराखुरा पहिला वर्ग अगदी संपेल असं मला वाटत नाही. थोड्या कंपन्या तो आणखी भारी करून ठेवतील. दुबईच्या एमिरेट्सच्या ए-३८० मध्ये पहिल्या वर्गाला आकाशात अंघोळ करता येते. पाणी मात्र पाच मिनिटांचंच! (उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या पेठच्या पाड्यांवरच्या मुलांना हे सांगताना मी जरा अडखळलो. "वर पाणी कोण नेतं?" असा प्रश्न आलाच.) एअर फ्रान्सनं २०२५ मध्ये नवी रचना दाखवली. विमानात फक्त चार जागा, प्रत्येकीला पाच खिडक्या. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासनं तर सिडनीहून लंडन आणि न्यूयॉर्कला कुठेही न थांबता जायचा बेत आखलाय, बावीस तासांपर्यंतचा प्रवास. त्या ए-३५० मध्ये इतर कंपन्या तीनशेच्या वर माणसं बसवतात, हे बसवणार २३८. त्यात पहिल्या वर्गाच्या खोल्या सहा. प्रवास जितका लांब तितकी पाठ टेकण्याची किंमत जास्त, असा त्यांचा हिशेब दिसतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न. पहिल्या वर्गाची फरशी मोकळी झाली, ती गेली कुणाला? आपल्या मागच्या आळीला मिळाली का? नाही हो! बहुतेक ठिकाणी ती गेली बिझनेसला आणि प्रीमियम इकॉनॉमीला. मागे तर उलट झालं. बोईंग ७७७ मध्ये पूर्वी एका रांगेत नऊ खुर्च्या असायच्या. अनेक कंपन्यांनी त्याच रुंदीत दहा बसवल्या. बेंचवर चौघांच्या जागी पाचवा सरकून बसतो ना, तसं. खेड्यातली आजी नातवाचं तोंड बघायला अमेरिकेला निघते, गुडघे दुखत असतात, तिच्या वाट्याला ती दहावी खुर्ची.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढच्या आळीतल्या महाग तिकिटांवर कंपन्यांची बरीच कमाई असते. पुढे काहीच विकलं नाही, तर मागचं तिकीट स्वस्त ठेवणं त्यांना अवघड जाईल. लग्नात पहिल्या पंगतीत आहेर देणारे बसतात म्हणून शेवटच्या पंगतीलाही जिलबी मिळते, तसा काहीसा प्रकार. पण जागेचा हिशेब केला तशीच धुराचीही मोजदाद व्हायला हवी. २०१३ मध्ये जागतिक बँकेच्या एका अभ्यासात असं मांडलं होतं, की पहिल्या वर्गातल्या एका प्रवाशाच्या वाट्याला इकॉनॉमीतल्या प्रवाशाच्या नऊपट कार्बन येऊ शकतो. का? तोच चौकोन! जास्त फरशी, कमी माणसं, विमान तेवढंच तेल जाळतं. आणि तो धूर पडद्याच्या पुढे राहत नाही. तो सगळ्यांच्या आभाळात जातो, ज्या आभाळाकडे पेठचा शेतकरी जूनमध्ये नागलीची आणि भाताची रोपं टाकून डोळे लावून बसतो, त्याही.

मागच्यांसाठी कुणी काहीच करत नाही असं नाही. एअर न्यूझीलंडनं खूप वर्षांपूर्वीच फर्स्ट क्लास सोडला. त्यांनी इकॉनॉमीच्या प्रवाशांसाठी 'स्कायनेस्ट' जाहीर केलंय. म्हणजे आकाशातलं घरटं. रेल्वेच्या बर्थसारखे तीन-तीनच्या उतरंडीचे सहा बिछाने. चार तासांसाठी भाड्यानं घ्यायचे, मग चादर बदलून दुसऱ्याला. सहाच आहेत, फुकटही नाहीत. पण मागच्या माणसालाही पाठ असते हे कुणाच्या तरी लक्षात आलंय, एवढं खरं. आपल्याकडे तीन मजली बर्थ कित्येक वर्षं आहेत, ही कल्पना त्यांनी आपल्या रेल्वेला विचारून घेतली असती तर लवकर सुचली असती!

हां, त्या मुलीचा प्रश्न राहिलाच. पुढे बसणारी माणसं आधी पोचतात का?

मी तिला सांगितलं, नाही पोचत. चाकं जमिनीला टेकतात ती सगळ्यांची एकाच क्षणी. दार उघडल्यावर पुढचे आधी उतरतात, मागच्यांना दहा-पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं. त्यांची बॅग आधी येते. बस, एवढंच. लंडनला सगळे एकदमच पोचतात.

तिनं थोडा विचार केला.

"म्हणजे झोपायचेच पैसे?"

"जवळजवळ तसंच."

ती उठली आणि एतिहादच्या त्या खडूच्या घरात जाऊन पाय ताणून आडवी झाली. मग तिची मैत्रीण गेली. मग मागच्या बाकावरची पोरं. सर ओरडेपर्यंत सगळा वर्ग आत. मी मोजलं. पट एकोणतीस, एकही गैरहजर नाही. दाटीवाटीनं मांड्या घालून सगळे मावले, आणि दोन जणांपुरती जागा उरली. तेवढ्यात खिचडीची घंटा झाली.